मराठी-हिंदी मिक्सवरून रेट्रोवर जायचंय, तेही दोन महिन्यांत. सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही जिल्ह्याच्या गावातल्या एका खासगी एफएम स्टेशनवर वर्षभर म्युझिक शेड्युलिंग, म्हणजे कुठलं गाणं कधी वाजणार ते, बघताय, स्टेशन आत्तापर्यंत मराठी आणि नवीन हिंदी असं मिक्स वाजवत होतं, आता वरून निरोप आलाय की दोन महिन्यांत रेट्रो करायचं, आणि तुम्ही विचारताय की सुरुवात कुठून करू, श्रोते तुटतील का, आणि मराठी गाण्यांचं काय करायचं.

मी या धंद्यात अठरा वर्षं आहे, आधी तुमच्यासारखाच शेड्युलिंगला, मग म्युझिक मॅनेजर, मग प्रोग्रॅमिंग हेड, मुंबईत पण आणि छोट्या शहरांत पण. चार फॉरमॅट चेंज, म्हणजे स्टेशनचा गाण्यांचा साचाच बदलणं, माझ्या हातून झालेत, त्यातले दोन चालले, एक जेमतेम चालला आणि एक पडला. पडलेल्यातून मी सगळ्यात जास्त शिकलो, त्याचं सांगतोच, पण आधी कामाचं.

पहिली गोष्ट, गाण्यांना हात लावायच्या आधी वरच्यांना विचारा की हा बदल कुणासाठी चाललाय. "श्रोत्यांसाठी" हे उत्तर मान्य करू नका, कुठला श्रोता ते विचारा. आपल्या स्टेशनचे दोन अगदी वेगळे श्रोते असतात. एक म्हणजे टेलर, सलूनवाला, किराणा दुकानदार, सोसायटीचा वॉचमन, रिक्षावाला, जो सकाळी नऊला रेडिओ लावतो आणि संध्याकाळी सहाला बंद करतो. दुसरा म्हणजे गाडीतून ऑफिसला जाणारा, जो पस्तीस मिनिटं ऐकतो आणि त्यातही दोनदा स्टेशन बदलतो. ऐकण्याचे तास पहिला देतो, जाहिरातदाराला हवा असतो दुसरा, कारण फ्लॅट, गाडी, हिऱ्याचा सेट तो घेणार असं सगळे धरून चालतात. मी बघितलेला जवळपास प्रत्येक फॉरमॅट चेंज या दोघांमधल्या ओढाताणीतून झालाय, गाणी जुनी झाली किंवा लोक कंटाळले म्हणून क्वचितच. तुमच्याकडे रेट्रो करायचं कारण बहुतेक हेच असणार की सेल्सच्या टीमला ३० ते ४५ वयाचा पगारदार माणूस विकायचाय. तसं असेल तर ते वाईट नाही, पण ते स्पष्ट लिहून घ्या, कारण तुमची पूर्ण लायब्ररी त्या एका ओळीवर उभी राहणार आहे.

आपल्याकडे हे इतकं गाण्यांवरच का येतं तेही समजून घ्या. अमेरिकेत एखाद्या स्टेशनला म्युझिक झेपलं नाही तर ते न्यूजवर जातं, टॉकवर जातं, स्पोर्ट्सवर जातं. आपल्या खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही, फार तर आकाशवाणीचं बुलेटिन जसंच्या तसं घेता येतं, म्हणजे वेगळं दिसायचं तर हातात उरतात फक्त गाणी आणि आरजे. त्यात लायसन्सचा पैसा. सरकारने खासगी एफएमला लायसन्सं टप्प्याटप्प्याने दिली, त्यातल्या पहिल्या फेजमध्ये, म्हणजे २००१ ला बेंगळुरूत रेडिओ सिटी सुरू झालं आणि २००२ ला मुंबईत एकामागोमाग एक स्टेशनं आली तेव्हा, फी ठरलेली होती आणि दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढायची, म्हणजे हिशेब केला तर दहाव्या वर्षी पहिल्या वर्षाच्या साडेतीन पट. एवढं ओझं डोक्यावर असताना कोण प्रयोग करणार, सगळे हळूहळू हिंदी फिल्मी हिट्सवर सरकले. मुंबईत गो ९२.५ हे इंग्रजी गाण्यांचं स्टेशन म्हणून लोकांना आवडत होतं, तेच पुढे रेडिओ वन झालं, हिंदीवर आलं, आणि मग काही वर्षांनी मुंबईचं रेडिओ वन परत इंग्रजीवर गेलं, कारण तोपर्यंत हिंदीत इतकी गर्दी झाली होती की थोडे पण पैसेवाले श्रोते परवडायला लागले. १०४.८ चं बघा, तिथे मियाँव म्हणून बायकांसाठी टॉक स्टेशन होतं, दिल्ली मुंबई कोलकात्यात, मग त्याचं ओये झालं म्हणजे सरळ बॉलिवूड, आणि मग इश्क झालं म्हणजे रोमँटिक. एकच फ्रिक्वेन्सी, तीन तऱ्हा. दर वेळी आधीच्या आरजेंना ऐकणारे लोक कुठे गेले याची कुणी नोंद ठेवली नाही, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण मियाँवसारखा टॉकचा प्रयोग नंतर कुणी त्या ताकदीने केलाच नाही.

२००५ नंतरच्या फेजमध्ये ठरीव फी गेली आणि उत्पन्नाच्या ४ टक्के असा हिस्सा आला, त्याने श्वास घेता आला, आणि तिसऱ्या फेजमध्ये एका कंपनीला एकाच शहरात एकापेक्षा जास्त फ्रिक्वेन्सी घ्यायची मुभा मिळाली. रेट्रोची लाट खरी इथून आली. एकाच शहरात दोन स्टेशनं असतील तर दोन्हीवर तेच वाजवून स्वतःचाच श्रोता कशाला खायचा, म्हणून दुसरं रेट्रो किंवा दुसरं रोमँटिक. रेडिओ नशा २०१६ मध्ये दिल्ली आणि मुंबईत आलं ते याच हिशेबाने. म्हणजे मोठ्या शहरात रेट्रो हा बहुतेक वेळा दुसऱ्या स्टेशनचा फॉरमॅट आहे. तुमच्या गावात तुमच्या कंपनीचं एकच स्टेशन आहे, इथे रेट्रो आलं की मिक्स संपलं, हा फरक तुमच्या मॅनेजमेंटला नीट समजावून सांगा, मुंबईचं उदाहरण जसंच्या तसं लागू होत नाही.

आता रेट्रो म्हणजे काय. इथे नव्वद टक्के लोक चुकतात. रेट्रो म्हटलं की आपल्या डोक्यात रफीसाहेब, मदनमोहन, ओ. पी. नय्यर येतात, माझ्याही येतात, मी त्या गाण्यांवरच वाढलोय. पण माणसाचं "आपल्या वेळचं गाणं" म्हणजे साधारण तेरा ते वीस या वयात कानावर पडलेलं गाणं, ते आयुष्यभर चिकटतं. आज चाळिशीच्या आसपास असलेला माणूस १९८५ च्या आगेमागे जन्मलेला, म्हणजे त्याचं सोनं आहे १९९८ ते २००५. कॅसेट संपत होत्या आणि सीडी येत होत्या त्या काळातली गाणी. त्याच्यासाठी १९६५ चं गाणं हे वडिलांचं गाणं आहे, ते तो रविवारी सकाळी प्रेमाने ऐकेल, पण सोमवारी सिग्नलला उभा असताना नाही. म्हणून आधी जन्मसाल ठरवा, मग त्यात पंधरा मिळवा, तिथे लायब्ररीचा मध्य ठेवा आणि दोन्ही बाजूंना सात-आठ वर्षं पसरा. तुमच्या वरच्यांना जर ५५ वयाचा श्रोता हवा असेल तर मध्य १९८५ ला जाईल, ते चालेल, फक्त तो निर्णय कुणीतरी शुद्धीत घेतलेला असू दे.

मग टेस्टिंग. तुमच्याकडे रिसर्चचं बजेट नसणार हे मी धरूनच चालतो. मोठ्या शहरांसाठी २००७ पासून रॅम होतं, म्हणजे कोण कुठलं स्टेशन किती ऐकतं ते मोजायची पद्धत, घरोघरी डायरी भरून घ्यायचे, पण ते मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, कोलकाता एवढंच, आपल्या गावापर्यंत ते कधी आलंच नाही. त्यामुळे स्वतः करा, अवघड नाही. पाचशेहून बऱ्याच जास्त गाण्यांचे हुक काढा, हुक म्हणजे गाण्यातला सगळ्यात ओळखीचा सात-आठ सेकंदांचा तुकडा, बहुतेक वेळा मुखड्याची पहिली ओळ, पण काही गाण्यांत तो सुरुवातीचा म्युझिकचा पीस असतो. शंभर-शंभरचे गट करा, एका माणसाला शंभराच्या वर ऐकवू नका, माणूस थकतो आणि मग सगळ्यालाच "बरंय" म्हणतो. बँकेत, शाळेच्या स्टाफरूममध्ये, क्लासच्या बाहेर थांबलेल्या पालकांना, एसटी डेपोत, जिथे तुमच्या वयोगटाची माणसं बसलेली सापडतात तिथे जा आणि प्रत्येक गाण्याला तीनच प्रश्न विचारा: ओळखता का, आवडतं का, ऐकून कंटाळा आलाय का. तिसऱ्या प्रश्नाला बर्न म्हणतात आणि तो विसरू नका, कारण लोकांना एखादं गाणं आवडत असतं आणि त्याचा वीटही आलेला असतो, दोन्ही एकदम. शंभर माणसं झाली तरी तुम्हाला चित्र दिसेल. आणि मनाची तयारी ठेवा, तुमची लाडकी गाणी पडतील. माझ्या पहिल्या टेस्टमध्ये मी जीव टाकतो अशी अकरा गाणी होती, त्यातली नऊ लोकांनी ओळखलीच नाहीत. ती मी रविवारच्या एका तासात ठेवली आणि दिवसाच्या रोटेशनमधून काढली, त्यात गाण्याचा अपमान वगैरे काही नसतो.

आता गणित, हे नीट वाचा कारण सॉफ्टवेअर तुम्हाला हे सांगणार नाही. तासात जाहिराती, लिंक म्हणजे आरजेचं बोलणं, जिंगल जाऊन साधारण दहा गाणी बसतात. समजा तुम्ही सगळ्यात जोरदार गाण्यांची एक कॅटेगरी केली, पॉवर गोल्ड म्हणा, आणि तासाच्या क्लॉकमध्ये, म्हणजे त्या तासाच्या आखणीत, तिला चार जागा दिल्या. कॅटेगरीत ९६ गाणी ठेवली तर २४ तासांत ९६ जागा, म्हणजे प्रत्येक गाणं रोज बरोबर त्याच वेळी वाजणार, आणि सकाळी आठ दहाला गाडीत बसणाऱ्याला आठवडाभर तेच गाणं. त्याला वाटणार यांच्याकडे पाचच गाणी आहेत. १०१ किंवा १०७ ठेवा, म्हणजे गाणं रोज थोडं सरकत जातं. हाच नियम करंट हिट्सलाही: चार जागांना आठ गाणी ठेवली तर दर दोन तासांनी त्याच मिनिटाला तेच, नऊ ठेवली तर सव्वादोन तासांनी येतं आणि सरकतं. जागांच्या आकड्याने भाग जाईल असा गाण्यांचा आकडा कधीच ठेवू नका. सॉफ्टवेअरमध्ये "आधीच्या दिवशीची तीच वेळ टाळ" असा नियम असतो, तो चालू करा, पण त्याच्यावरच विसंबू नका.

एकूण लायब्ररी किती? ५०० टेस्ट झालेली गाणी पुरतात. सकाळी सहा ते रात्री बारा १८० जागा होतात, म्हणजे पावणेतीन दिवसांत सगळी लायब्ररी एकदा फिरते. तुम्हाला ऑफिसमध्ये बसून हे फार कमी वाटेल, आरजे तर तिसऱ्या आठवड्यात तुमच्या केबिनमध्ये येऊन भांडतील की तेच तेच वाजतंय. त्यांना सांगा की गाडीतला माणूस दिवसाला सहाच गाणी ऐकतो. आपण कंटाळतो तेव्हा त्याला स्टेशनची ओळख नुकती कुठे पटायला लागलेली असते. पण, आणि हा पण फार मोठा आहे, टेलर नव्वद गाणी ऐकतो, म्हणजे सहा दिवसांत तुमची अख्खी लायब्ररी त्याच्या कानावरून गेलेली असते. त्याच्यासाठी दुपार वेगळी करा. अकरा ते चार गाडीवाला ऑफिसात असतो, त्या वेळात पॉवरच्या चार जागांच्या दोन करा आणि आणखी दोनशे गाण्यांची एक रुंद कॅटेगरी फक्त त्याच वेळात मोकळी सोडा. यात पैसा लागत नाही, फक्त दोन क्लॉक जास्त बनवायला लागतात, आणि तरीही बरीच स्टेशनं हे करत नाहीत कारण दिवसभर ऐकणाऱ्याचा विचार करायला कुणी बसत नाही. मी स्वतः टेलर गल्लीत स्टुलावर बसून दुपारच्या दुपार काढल्यात, कुठल्या गाण्याला माणूस आवाज वाढवतो आणि कुठल्या गाण्याला मशीन थांबवून स्टेशन बदलतो हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

गायकांच्या सेपरेशनचं सांगतो, यात नवीन माणूस हमखास अडकतो. नव्या गाण्यांसाठी तुम्ही "एकच गायक पाऊण तास परत नको" असा नियम लावलेला असेल, तोच रेट्रोला लावला तर सॉफ्टवेअर जागा रिकाम्या सोडायला लागेल, कारण १९७०-८० च्या लायब्ररीत किशोरदा, लताबाई, आशाबाई, रफी या चार आवाजांतच बहुतेक सगळं आहे. १९९८ नंतरच्यात उदित नारायण, अलका याज्ञिक, कुमार सानू, सोनू निगम यांचं तेच होतं. म्हणून गायकावर वीस-पंचवीस मिनिटांचाच नियम ठेवा आणि त्याऐवजी चित्रपट, संगीतकार, आणि मूड यांच्यावर कडक राहा. तीन संथ गाणी सलग आली की लोक जातात, एकच आवाज दोनदा आल्याने जात नाहीत. आणि प्रत्येक गाण्याला टेम्पो आणि मूडचे कोड स्वतः बसून द्या, दुसऱ्याने भरलेले कोड वापरू नका, मला एकदा एका विरहगीताला "पार्टी" कोड दिलेला सापडला होता आणि तो ३१ डिसेंबरच्या रात्री सापडला.

आवाजाच्या लेव्हलचं पण बघा. १९७० ची मोनो रेकॉर्डिंग आणि २००४ चं दाबून मास्टर केलेलं गाणं शेजारी आलं की गाडीतला माणूस दचकतो. सगळ्या फाइल्स एका लाउडनेसला आणा, नंतर प्रोसेसरचं, म्हणजे हवेत जाणारा आवाज घडवणाऱ्या यंत्राचं, सेटिंग इंजिनिअरसोबत बसून बदला, नवीन हिंदीसाठी ठेवलेलं सेटिंग जुन्या गाण्यांची सतार आणि व्हायोलिन चिरडतं.

हक्कांचा विषय लीगलवाल्यांवर सोडून मोकळे होऊ नका, तो तुमच्या प्लेलिस्टची हद्द ठरवतो. २०१० च्या ऑगस्टमध्ये कॉपीराइट बोर्डाने ठरवलं की म्युझिक कंपन्यांना जाहिरातीच्या निव्वळ उत्पन्नाच्या २ टक्के द्यायचे, त्या काळात गाणी जास्त वाजवली काय कमी वाजवली काय, खर्चात फरक नव्हता. २०२० च्या डिसेंबरअखेरच्या निकालाने परत नीडल अवरचा हिशेब आला, म्हणजे प्रत्यक्ष गाणं जितका वेळ वाजलं तितक्या तासांचे पैसे. २०१० च्या आधीही तोच हिशेब होता, शब्द रेकॉर्डच्या सुईवरून आलाय. म्हणून आज तुमच्या स्टेशनचे कुठल्या लेबलशी, म्हणजे म्युझिक कंपनीशी, कसे करार आहेत ते विचारून यादी हातात घ्या आणि मगच टेस्टिंगला गाणी निवडा. जुन्या हिंदीचा फार मोठा साठा एचएमव्हीचा, म्हणजे आताच्या सारेगामाचा, तो करार नसेल तर सत्तरच्या दशकाचं रेट्रो करताच येणार नाही, नव्वदच्या दशकाचं थोडंफार जमेल. हे दोन महिने काम झाल्यावर कळण्यापेक्षा पहिल्या दिवशी कळलेलं बरं.

आता मराठी. तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात जवळचा भाग हाच आहे.

आपल्या राज्यातच आकाशवाणीवर पहिल्यांदा जाहिराती वाजल्या, १९६७ ला विविध भारतीच्या मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवर. म्हणजे गाणं वाजवून जाहिरात विकण्याचा धंदा इथे पन्नासहून जास्त वर्षं चाललाय. तरी आज मोठ्या शहरांतल्या बहुतेक खासगी स्टेशनांवर मराठी गाणं कुठे सापडतं बघा: पहाटे पाच ते सात अभंग आणि भक्तिगीतं, गणपतीचे दहा दिवस, आणि एखादं मराठी गाणं इतकं गाजलं की त्याला टाळताच येत नाही तेव्हा, जसं २०१६ ला सैराटची गाणी हिंदी स्टेशनांनी पण दिवसभर वाजवली. कारण असं देतात की मराठी माणसाला हिंदी कळतं, मग वेगळं कशाला. मुंबई-दिल्लीतल्या एजन्सीत बसून जो नेटवर्कची जाहिरात विकत घेतो त्याला हे पटतं. पण तुमच्या गावात तुमचा पैसा कुठून येतो ते बघा. सराफ, साड्यांची दुकानं, क्लासवाले, बिल्डर, ट्रॅक्टरचा डीलर, खतांची दुकानं. हे लोक स्वतः तुमचं स्टेशन ऐकतात, त्यांच्या दुकानात ते लागलेलं असतं, त्यांच्या आईला सकाळचे अभंग हवे असतात. मराठी काढलं की महिन्याभरात सेल्सच्या मुलांना दारातच ऐकायला लागतं. कोल्हापूरला टोमॅटो एफएमसारखं स्टेशन मराठी बाणा धरून उभं राहिलं ते उगाच नाही.

म्हणून माझं सरळ म्हणणं, रेट्रो करायचंच असेल तर मराठी रेट्रोसकट करा. तासाला दहातली दोन-तीन मराठी, पण ती सुद्धा हिंदीसारखीच टेस्ट करून. इथे एक अडचण येईल. शांत भावगीत आणि जोरदार हिंदी गाणं शेजारी बसत नाही, तीन मिनिटांचं हळुवार गाणं संपून ढोलावर उडी मारली तर दोन्हींचा रंग जातो. भावगीतं रात्री नऊनंतर आणि सकाळी सातच्या आत ठेवा, दिवसा चित्रपटांतली मराठी गाणी, लावण्या, कोळीगीतं, ऐंशीच्या दशकातल्या विनोदी चित्रपटांची गाणी, २००० नंतरची चालीवर उडणारी गाणी. ऐंशीच्या दशकातली मराठी फिल्मी गाणी टेस्टमध्ये फार वर येतात, ही तिशी-चाळिशीतली माणसं टीव्हीवर ते चित्रपट दहा-दहा वेळा बघून मोठी झालीत, आणि नेटवर्कच्या लायब्ररीत नेमकी तीच नसतात. गावातल्या कलाकारांची, स्थानिक कॅसेट कंपन्यांची गाणी असतील तर मालकी कुणाकडे आहे ते आधी कागदावर आणा, यात बराच वेळ जातो, आजच सुरू करा.

दोन महिने कमी आहेत का? काम होईल, पण तारीख चुकीची निवडू नका. गणपती ते दिवाळी ही आपली सुगी, त्या काळात आणि त्याच्या लगेच आधी फॉरमॅट बदलणं म्हणजे उभ्या पिकात नांगर घालणं. जानेवारीत बदला, पाडव्यापर्यंत घडी बसते, लग्नसराईत आणि शाळा-कॉलेजच्या ॲडमिशनच्या दिवसांत सेल्सला नवीन स्टेशन विकायला मिळतं, आणि पुढच्या गणपतीला तुमच्याकडे दाखवायला काहीतरी असतं. वरचे घाई करत असतील तर त्यांना मागच्या दोन वर्षांचं महिनावार बिलिंग समोर ठेवून दाखवा, शब्दांनी पटत नाही ते त्या कागदाने पटतं.

आणि सांगून बदला. गुपचूप रात्री बदलायची पद्धत मला कधीच आवडली नाही. पंधरा दिवस आधीपासून तुमच्या सकाळच्या आरजेला स्वतःच्या शब्दांत बोलू द्या की आपण काय करतोय, काय जाणार आहे, काय राहणार आहे. लोकांना गाणं बदलल्याचा राग कमी येतो, आपल्याला कुणी विचारलं नाही याचा जास्त येतो. सकाळचा आरजे मात्र बदलू नका. गाणी आणि माणूस दोन्ही एकदम गेलं तर श्रोत्याच्या दृष्टीने स्टेशनच बंद पडलं.

श्रोते तुटतील का? हो, तुटतील. पहिले तीन महिने फोन कमी होतील, शिव्या येतील, दुकानदार तोंडावर बोलतील. जाणारे आवाज करून जातात आणि येणारे गपचूप येतात, त्यामुळे पहिले तीन महिने खरे आहेत त्यापेक्षा जास्त वाईट वाटतात. माझ्या अनुभवात घडी बसायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि बहुतेक मॅनेजमेंट सहाव्या महिन्यात घाबरून त्यात नवीन गाणी घुसवायला लागतं, मग ते ना रेट्रो राहतं ना नवीन. सहा महिने हात लावणार नाही एवढं आधीच मेलवर लेखी घ्या. आणि फोनच्या शेजारी एक वही ठेवा, कोण कुठून बोलतंय, वय अंदाजे, काय म्हणतंय, काय वाजत असताना फोन केला. तीन महिन्यांनी ती वही कुठल्याही रिपोर्टपेक्षा कामाला येते.

आता तो पडलेला फॉरमॅट. एका जिल्ह्याच्या गावातलं स्टेशन, मराठी-हिंदी मिक्स, छान चाललेलं, कंपनीने ठरवलं की सगळ्या शहरांत एकच आवाज हवा, सगळीकडे नवीन हिंदी, दुपारचे शो दुसऱ्या शहरातून येणार. मी तेव्हा तिथे प्रोग्रॅमिंग बघत होतो, मी विरोध केला पण आकड्यांशिवाय केला, आणि मग सांगितलं ते केलं. पहिल्या सकाळी एका बाईंचा फोन आला, पोळीभाजी केंद्र चालवायच्या, पहाटे चारपासून रेडिओ लावून काम करायच्या, त्या म्हणाल्या आमचे अभंग कुठे गेले, मशीन बिघडलंय का तुमचं. मी त्यांना काय सांगितलं ते आठवत नाही, पण तो आवाज आठवतो. सहा-सात महिन्यांत स्थानिक जाहिराती पातळ झाल्या, नेटवर्कच्या जाहिरातींनी ती तूट भरून निघाली नाही. चौदाव्या महिन्यात कंपनीने परत मिक्सवर जायचं ठरवलं. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूसीबीएस-एफएमचं असंच झालं होतं, २००५ च्या जूनमध्ये जुनी गाणी काढून शफलसारखा नवा फॉरमॅट आणला आणि २००७ च्या जुलैमध्ये परत जुन्या गाण्यांवर आले. त्यांना परत येता आलं. आम्हाला नीट आलं नाही, कारण बदलाच्या वेळी सर्व्हरवर जागा हवी म्हणून कुणीतरी जुनी मराठी लायब्ररी पुसून टाकली होती. साडेसहाशे गाणी, त्यातली कितीतरी गावातल्या भजनी मंडळांची, शाहिरांची, आमच्याच स्टुडिओत रेकॉर्ड केलेली, सगळे कोड, सगळ्या नोंदी. फिल्मी गाणी परत मिळाली. शाहिरांमधले दोघं तोपर्यंत वारले होते.

तेव्हा तुम्ही आज संध्याकाळी घरी जायच्या आधी एवढं करा. पूर्ण लायब्ररीची, शेड्युलिंगच्या डेटाबेसची, क्लॉकची आणि स्टुडिओतल्या जुन्या रेकॉर्डिंगची कॉपी दोन हार्ड डिस्कवर घ्या, वर तारीख लिहा, एक इंजिनिअरच्या कपाटात ठेवा आणि दुसरी स्टेशन हेडला सांगून, सही घेऊन, ऑफिसच्या बाहेर. मग महिन्याने दोन्ही उघडून फाइल्स वाजतात का ते बघा.